हनी अँड क्लोव्हर: चुकणारी माणसं, एकतर्फी प्रेम आणि वाचकांचे नेहमीचे प्रश्न

उमिनो चिका यांची 'हनी अँड क्लोव्हर' ही मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचून संपली की लोक आधी रडतात आणि मग कुणावर तरी चिडतात. रडलेले गप्प बसतात, चिडलेले प्रश्न पाठवतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पहिल्या तीन उत्तरांत फारसं काही फुटत नाही. चौथ्यापासून सगळं फुटतं, अगदी शेवटासकट. वाचायची असेल तर तिसऱ्यानंतर थांबा.

१. "प्रेमकथा आहे" म्हणून मैत्रिणीने हातात दिली, पण पहिल्या खंडात नुसता दंगाच चाललाय. ही मंगा आहे तरी कशाबद्दल?

टोकियोतल्या एका कला महाविद्यालयातली पाच मुलंमुली (ताकेमोतो, मायामा, मोरिता, हागु आणि यामादा) आणि त्यांचे शुजीसर, एवढाच मुख्य गोतावळा. सुरुवात होते ताकेमोतोच्या भाड्याच्या खोलीपासून. खोली ६ तातामींची (तातामी म्हणजे जपानी चटई, खोल्या तिनेच मोजतात), स्वयंपाकघर ३ तातामींचं, अंघोळीची सोय नाही, इमारत २५ वर्षांची, कॉलेज चालत १० मिनिटांवर, भाडं महिना ३८,००० येन. त्याच इमारतीत मायामा आणि मोरिता राहतात. कुणाकडे काही चांगलंचुंगलं खायला आलं की बाकीचे तुटून पडतात.

हा दंगा वगळून पुढे जायची घाई करू नका. पुढे प्रत्येक जण मनातलं बोलायला इतका का कचरतो, त्याचं कारण याच पानांत आहे. बोललो आणि बिनसलं, तर माणूस जाईलच, पण ही सगळी मंडळीही जातील, ही भीती आहे.

२. कोणाचा जीव कोणावर आहे? दुसऱ्या खंडातच माझा गोंधळ उडाला.

ताकेमोतो आणि मोरिता या दोघांचाही हागुवर. यामादाचा मायामावर. मायामाचा रिकावर; ती त्याच्याहून मोठी, विधवा, स्वतःचं डिझाइन ऑफिस चालवणारी. रिकाचा जीव गेलेल्या नवऱ्यात, हारादामध्ये अडकलेला. नंतर नोमिया येतो, त्याचा यामादावर. हागुलाही कुणीतरी आवडतं, पण तिच्या आयुष्यात पहिला नंबर चित्रांचा. शुजीसर हे हागुच्या वडिलांचे चुलतभाऊ आणि टोकियोत तिचे पालक. त्यांच्याबद्दल पुढे प्रश्न ११ मध्ये.

३. ही शोजो (मुलींसाठीची मंगा) की जोसेई (मोठ्या बायकांसाठीची)?

२००० ते २००६ या काळात ती तीन मासिकांतून आली: आधी क्यूटी कॉमिक, मग यंग यू, शेवटी कोरस. शेवटची दोन मोठ्या बायकांसाठीची, म्हणजे जोसेई. पण २००३ चा कोदान्शा मंगा पुरस्कार मिळाला तो शोजो विभागात. एकूण १० खंड, इंग्रजीत व्हिज या प्रकाशनाने काढलेले. लेबलावरून भांडण्यात अर्थ नाही. शाळेच्या गच्चीवरच्या प्रेमाची अपेक्षा मात्र ठेवू नका. इथे नोकरी, भाडं आणि पदवीनंतर काय करायचं याची धास्ती आहे.

४. मायामा सरळसरळ स्टॉकर, म्हणजे पाठलाग करणारा, आहे. तो "नायक" कसा काय?

स्टॉकर आहेच. हे तुम्ही शोधून काढलेलं नाही, त्याचे मित्रच त्याला तोंडावर तसं म्हणतात आणि मंगा त्यावर हसते. खटकतं ते हे हसणंच. तो रिकाच्या मागावर राहतो, पाळत ठेवतो, तिने कामावरून काढल्यावरही पुन्हा तिच्याच दारात जाऊन उभा राहतो.

संदर्भासाठी एक गोष्ट. जपानचा स्टॉकिंगविरोधी कायदा मे २००० मध्ये संमत झाला आणि त्याच नोव्हेंबरात लागू झाला. म्हणजे ही मंगा आणि तो कायदा एकाच वर्षीचे. त्याआधीच्या वर्षी सायतामामधल्या ओकेगावा इथे पाठलागानंतर एका तरुणीचा खून झाला होता आणि आधी तक्रार करूनही पोलिसांनी दुर्लक्ष केलं म्हणून देशभर गदारोळ उठला होता. तेव्हा "त्या काळी हे कुणाला कळत नव्हतं" ही सबब चालणार नाही. आपल्याकडे पाठलाग हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. आधी भारतीय दंड संहितेचं कलम ३५४-ड, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. आपल्याला तर एकतर्फी प्रेम बहुतेकदा वर्तमानपत्रातल्या हल्ल्याच्या बातमीतच भेटतं. त्यामुळे मराठी वाचकाला इथे हसू येत नसेल तर त्यात वाचकाची काही चूक नाही.

मग तरीही तो माणूस म्हणून वाचावासा का वाटतो? कारण लेखिका त्याच्या प्रेमाला आणि त्याच्या वागण्याला वेगवेगळं तोलू देते. रिकावर प्रेम बसणं हा गुन्हा नाही. तिने नको म्हटल्यावरही तिच्या मागे मागे फिरत राहणं हा दोष आहे, आणि नंतर सगळं जुळलं म्हणून तो दोष मागाहून पुसला जात नाही. मायामाला माफ करायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त "शेवटी ती हो म्हणालीच ना" हे कारण देऊन माफ करू नका.

५. मायामाने यामादाला झुलवत ठेवलं असं मला वाटतं. बरोबर ना?

अर्धं बरोबर.

तो प्रसंग आठवा. यामादा प्यायलेली आहे, मायामा तिला पाठीवर घेऊन रात्रीच्या रस्त्याने घरी सोडायला निघालाय. ती त्याच्या पाठीला चिकटून सांगत राहते, तू मला आवडतोस, खूप आवडतोस. तो दर वेळी फक्त "हं" म्हणतो. थांबवत नाही, मान वळवत नाही, खोटं काही बोलत नाही, खरंही काही बोलत नाही. पाऊल मात्र थांबत नाही. पन्नास संवाद लिहून जे जमलं नसतं ते त्या एका हुंकारात आलंय.

आता हिशेब. तुझ्यात मला तसा रस नाही, हे मायामाने तिला आधीच स्पष्ट सांगितलंय. ही गोष्ट लोक विसरतात. त्याने आशा दाखवली नाही. पण नकार दिल्यावर माणसाने थोडं लांब राहावं, ते त्याला जमत नाही. ती रडली की धावतो, दुसरं कुणी तिच्याजवळ आलं की त्याच्या कपाळावर आठी येते. प्रेम द्यायचं नाही आणि तिचं प्रेम आपल्यावर आहे ही ऊबही सोडायची नाही. याला झुलवणं म्हणा, मी भिजत घोंगडं म्हणेन. झुलवणाऱ्याच्या मनात डाव असतो, मायामाच्या मनात भित्रेपणा आहे. इजा तेवढीच होते, पण माणूस वेगळा ठरतो.

आणि मजा अशी की रिकाच्या दारात उभं राहून नेमकं काय दुखतं हे त्याला पुरतं ठाऊक आहे. ज्याला ठाऊक आहे त्यानेच असं वागावं, याचा राग यायला हरकत नाही.

६. यामादा एवढी देखणी, कर्तबगार, सगळ्यांची लाडकी. ती सोडून का देत नाही?

कारण सोडून देणं हे ठरवून होत नाही. उन्हाळ्यातल्या जत्रेला ती युकाता, म्हणजे उन्हाळी किमोनो, नेसून जाते. मायामाने एकदा छान दिसतेस म्हणावं, एवढंच हवं असतं. आपण हे का करतोय तेही तिला कळतंय, फुकट आहे तेही कळतंय. कळून वळत नाही म्हणतात ते हेच.

पण तिला केवळ बिचारी समजू नका. घरचं दारूचं दुकान बाजारपेठेत, त्यामुळे तिच्यासोबत वाढलेले पेठेतले सगळे तरुण तिच्यावर फिदा. एक दिवस ते सगळे मिळून मागणी घालतात आणि ती सगळ्यांना नाही म्हणते. तिथे प्रसंग विनोदी आहे, मांडणीही विनोदी आहे. जरा थांबून पाहा, मात्र: मायामा तिच्याशी जे वागतो तेच ती या मुलांशी वागते आहे, आणि त्यात तिची काही चूक नाही. ती त्यांचं प्रेम देणं लागत नाही. मग मायामा तरी तिचं कुठे देणं लागतो? पाठीवरच्या प्रसंगात तिच्यासाठी रडलेला वाचक हा प्रश्न स्वतःला विचारत नाही, म्हणून मला हे प्रकरण फार महत्त्वाचं वाटतं.

७. नोमिया चांगला की वाईट? मला तो चालू वाटतो.

सुरुवातीला आहेच. गोड बोलणारा, बायकांना ओळखून असलेला, आणि यामादाची गंमत करावी म्हणून जवळ आलेला. स्वतःच त्यात अडकतो. दूरच्या तोत्तोरीहून टोकियोपर्यंत रातोरात गाडी हाकत येणाऱ्याला चालू म्हणवत नाही. पण मी त्याच्या चाहत्यांतली नाही. मायामावर नाराज असलेले बरेच वाचक नोमियाला बक्षीस समजतात, जणू यामादा इतकी रडली म्हणून लेखिकेने तिची भरपाई करून दिली. मंगाने तसं केलेलं नाही. ती त्याच्याकडे वळते ती सावकाश, अडखळत, आणि मायामा पुरता मनातून गेलाय याची कुठेही हमी नाही.

८. रिका मायामाचा वापर करून घेते का?

नाही. उलट त्याला लांब ठेवायचा प्रयत्न तीच जास्त करते. गाडीच्या अपघातात नवरा गेला आणि ती वाचली. अंगावर जखमांचे वण, चालायला काठी आणि मनात हारादाचं अपुरं काम संपवून मग आपणही जायचं हा विचार. अशा माणसाला मायामाचं प्रेम हा भार आहे. पुढे ती त्याचा आधार स्वीकारते, तेव्हाही आपण याच्याकडून घेतोय आणि तेवढं देऊ शकत नाही, ही टोचणी तिला आहे. वापरणाऱ्याला ती नसते.

मायामाचा दोष कोणता, ते प्रश्न ४ मध्ये आलंय. तो रिकाच्या दुःखामुळे कमी होत नाही.

९. मोरिताचं हागुवर खरंच प्रेम आहे, की लहर?

प्रेम आहे. त्याला ते वागवता येत नाही. तो न सांगता महिनोन् महिने गायब होतो, पैशाची थप्पी घेऊन परत येतो, दोन दिवस झोपतो, उठून हागुला छळतो. हे सगळं विनोदासाठी असल्याचं वाटत राहतं, आणि मग त्याच्या वडिलांच्या हातून गेलेल्या कंपनीची आणि भाऊ काओरूच्या सूडाची गोष्ट उलगडते. तेव्हा कळतं की तो इतकी वर्षं दुसऱ्याच कुणाच्या तरी हिशेबाचं ओझं वाहत होता.

हागुही त्याच्यावर प्रेम करते, म्हणून हे एकतर्फी नाही. तरी जमत नाही. एकतर्फी प्रेमाच्या मंगामध्ये सगळ्यात जास्त दुखतं ते नेमकं हे दुतर्फी प्रकरण.

१०. ताकेमोतो फारच मिळमिळीत आहे. त्याच्यात एवढं काय?

मिळमिळीत आहे, कबूल. मोरिताजवळ प्रतिभा, मायामाजवळ दिशा, याच्याजवळ दोन्ही नाही. वडील लहानपणी गेले, आईने पुन्हा लग्न केलं, आणि त्या नव्या घरात आपली जागा कोणती ते त्याला कळलेलं नाही. सगळ्यांशी नीट वागायचं आणि कुणाला त्रास द्यायचा नाही एवढं शिकलेला मुलगा.

मग एक दिवस तो सायकलवर टांग टाकतो आणि कुणाला न सांगता उत्तरेकडे निघतो. ठरलेलं काहीच नाही. वाटेत पैसे संपतात, तेव्हा देवळांची दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांच्या तुकडीत स्वयंपाक करून राहतो. पुढे होक्काइदोच्या अगदी टोकाला, सोया भूशिरापर्यंत जातो. तिथे काही साक्षात्कार वगैरे होत नाही. रस्ता संपतो, एवढंच.

परत आल्यावर तो हागुला सांगतो, तू मला आवडतेस. ती आभार मानते. आणि तो ते उत्तर घेतो. रुसत नाही, पुन्हा विचारत नाही, मैत्रीचं नाटक करून संधीची वाट पाहत नाही, तिच्या हाताला इजा होते तेव्हा मदतीच्या बदल्यात काही मागत नाही. मायामाला आणि यामादाला जे जमलं नाही ते या मिळमिळीत मुलाला जमलं. मात्र त्यालाही दोषमुक्त करायचं नाही: महिनोन् महिने तोंड न उघडता, मोरिता आहे म्हणून आपण मागे राहिलो तर ते मोठेपणाचं, अशी स्वतःची समजूत घालत तो बसला होता. तो मोठेपणा नव्हता, निवडले गेलो नाही तर काय ही भीती होती. सायकल त्याने त्या भीतीपासून पळायलाच काढली होती.

११. हागुने शेवटी शुजीसरांना का निवडलं? मी तिथे पुस्तक फेकून दिलं.

सर्वात जास्त आलेला प्रश्न, आणि सर्वात रागाने विचारलेला.

आधी काय घडतं ते नीट पाहू. काच कोसळून हागुचा उजवा हात जबर जखमी होतो. पुन्हा चित्र काढता येईल की नाही, सांगता येत नाही. मोरिता तिला हॉस्पिटलमधून घेऊन जातो आणि म्हणतो, नको काढूस चित्रं, नुसती जग, माझ्याजवळ राहा. ऐकायला किती प्रेमळ! पण हागुसाठी चित्रं सोडून जगणं हे जगणंच नव्हे. ती परत येते आणि शुजीसरांकडे मागते ते प्रेम नाही. ती त्यांचं आयुष्य मागते: हात पुन्हा चालेपर्यंत, त्यानंतरही, माझ्यासोबत राहा. आपलं तिच्यावर प्रेम आहे हे सरांनी तोवर स्वतःशी कबूल केलेलं असतं, आणि ते देतात.

म्हणजे तिने तीन पुरुषांतून एकाला निवडलं, असं वाचलं की सगळं बिघडतं. तिने चित्रं निवडली, आणि चित्रांपर्यंत परत जायला जो माणूस लागेल तो निवडला. मोरिता तिच्याइतकाच पेटलेला. दोन पेटलेली माणसं एकमेकांना सांभाळू शकत नाहीत. ताकेमोतोने सांभाळलं असतं, पण त्याला अजून स्वतःचं आयुष्य उभं करायचं होतं, आणि ते तिला मागायचं नव्हतं.

आता आक्षेप. पालक म्हणून ज्याच्या भरवशावर मुलगी सोपवली, त्याच्याच मनात असं काही निघावं, हे खटकणारच. ती सज्ञान आहे, मागणी तिची आहे, सरांनी कधी हात पुढे केलेला नाही, हे सगळं खरं असूनही खटकतं, आणि खटकायला हवं. सांभाळणारा आणि सांभाळली जाणारी यांच्यात ताकद समान नसते. लेखिकेने हा प्रश्न उघडपणे छेडला असता तर शेवट जास्त भक्कम झाला असता. ती तो हागुच्या निर्धाराखाली झाकून टाकते. हा मला या मंगामधला सगळ्यात मोठा कच्चा दुवा वाटतो. पुस्तक फेकण्याइतका नाही, पण आहे.

१२. हागु १८ वर्षांची असूनही लहान मुलीसारखी का काढली आहे? मला त्यामुळेच वाचवत नाही.

नागानोच्या खेड्यात आजीजवळ, एकटीने, चित्रं काढत वाढलेली, जगाला बुजणारी मुलगी दाखवायची होती, हे समजतं. त्यासाठी इतकं बुटकं आणि बाहुलीसारखं काढायची गरज नव्हती. हा पात्राचा दोष नाही, रेखाटनाचा आहे. वाचवत नसेल तर सोडून द्या. टिकून राहिलात तर दिसेल की चित्राच्या बाबतीत संपूर्ण कथेत तिच्याइतकं कठोर आणि प्रौढ कुणीच नाही.

१३. कुणालाच काही मिळत नाही. मग ही मंगा एकतर्फी प्रेमाचं उदात्तीकरण करते का?

शेवटच्या प्रकरणात ताकेमोतो गाडीत बसून हाच विचार करतो: जे प्रेम जुळलं नाही त्याला काही अर्थ होता का? आणि होता, असं त्याला वाटतं. यावरून बरेच जण "झुरण्यातच खरं प्रेम" असा निष्कर्ष काढतात. तो मला पटत नाही.

हे वाक्य कोण म्हणतंय ते बघा. विचारून झालेला, नकार घेतलेला, नोकरीला निघालेला, गाडीत बसलेला मुलगा. त्याचं संपलंय म्हणून त्याला मागे वळून अर्थ लावता येतो. रिकाच्या खिडकीकडे टक लावून पाहणाऱ्या मायामाच्या तोंडी हेच वाक्य घातलं असतं तर ते भयंकर वाटलं असतं. न मिळणंच उदात्त, असं मंगा कुठेही म्हणत नाही. आणि काहीच मिळत नाही म्हणावं, तर हारादाच्या ओझ्यासह का होईना, मायामा रिकासोबत काम करू लागतोच.

१४. मी यामादाच आहे. तीन वर्षं झाली. काय करू?

असे प्रश्न जितके वाटतात त्यापेक्षा जास्त येतात, आणि यामादा म्हणवणाऱ्यांत मुलगेही पुष्कळ असतात.

विचारलं नसेल तर एकदा, सरळ, शुद्धीत विचारा. पाठीवर बसून नाही. उत्तर "नाही" आलं तर ते पूर्ण उत्तर समजा. "हं" आलं तरी ते "नाही"च. त्यानंतर काही महिने त्या माणसाच्या रोजच्या वाटेवरून बाजूला व्हा. पुन्हा मित्र होता येईल की नाही ते तेव्हाचं तेव्हा. आणि समोरचा तुमच्याशी बरा वागतोय म्हणजे तो तुमचं काही देणं लागतो असं नाही, यासाठी प्रश्न ६ मधली पेठेतली मुलं पुन्हा वाचा.

तुमच्या मागे कुणी मायामा लागला असेल, तर मंगा बाजूला ठेवा. एकदा स्पष्ट नाही सांगा, मेसेज जपून ठेवा, घरच्यांना किंवा मैत्रिणीला कळवा. थांबत नसेल तर पोलिसांत जा, कलम वर दिलंय.

१५. अ‍ॅनिमे (मंगावरची कार्टून मालिका) पाहिलं तर चालेल की मंगाच वाचावी?

दोन्ही चालतील. अ‍ॅनिमे जे. सी. स्टाफ स्टुडिओचं, दोन पर्वं, २००५ आणि २००६. फुजी टीव्हीवरच्या रात्रीच्या 'नोइतामिना' या पट्ट्यातली पहिली मालिका हीच. कथा शेवटापर्यंत जाते, त्यामुळे अर्धवट सुटत नाही. 'हनी अँड क्लोव्हर' या नावामागे स्पित्झ हा बँड आणि गायक सुगा शिकाओ यांचे अल्बम, आणि मालिकेत दोघांचीही गाणी, त्यामुळे पाठीवरच्या प्रसंगासारख्या जागा अ‍ॅनिमेत जास्त लागतात. ताकेमोतोच्या डोक्यातली लांबलचक बडबड मात्र मंगामध्येच वाचावी. २००६ चा चित्रपटही आहे, पण १० खंडांची माणसं दोन तासांत कोंबल्यावर प्रत्येकाचा दोष तेवढा दिसतो आणि त्यामागचं कारण गळतं. त्यामुळे तो सगळ्यात शेवटी. पहिल्या पर्वाच्या सुरुवातीच्या गाण्यात ताटातले पदार्थ हलायला लागतात. त्याचा कथेशी काही संबंध शोधत बसू नका.